बत्तीस हिरव्या चौकटी

कूलरच्या नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो, त्याच्यावर अजून कोणी कविता केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पावसाच्या वासाचे लाड फार झाले. आमच्या जळगाव-धुळ्याकडे वर्षातला खरा ऋतू माळ्यावरून उतरतो. पत्र्याचा, एका कोपऱ्यात गंजलेला, पोटात मागच्या वर्षीची एक वाळकी पाल घेऊन. तो खाली घ्यायचा, पुसायचा, तिन्ही बाजूंचं जुनं गवत उपसून नवं भरायचं, मोटरीच्या कानात दोन थेंब तेल सोडायचं आणि बटण दाबायचं. मग ओल्या गवताचा तो कोंदट-गोड वास घरभर पसरतो आणि कोणीतरी म्हणतं, चला, आखाजी आली. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

परवा आमच्या जळगावच्या घरात तो उतरला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, चालू झाला का? मी म्हटलं, झाला. मग ती बाहेर आली, पदराने घाम पुसत दोन मिनिटं त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, चालू झाला हे दिसतंय, पण हा असाच खडखडणार आहे का चार महिने?

या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत माझी सगळी नोकरी मावते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेतो. माझ्या स्वभावाला शोभेल असं एवढं एकच काम जगात होतं आणि ते मला मिळालं, असं घरात समजलं जातं. कंपनी पुण्याची, मी जळगावला मागच्या खोलीत, पंख्याखाली, वर शर्ट आणि खाली लुंगी अशा वेषात. नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवायचं कामही वयामुळे माझ्याकडे आलंय. त्यांना मी कूलरच सांगतो. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का, पाणी वर चढतं का, बंद केल्यावर बंद होतो का, हे तपासणं म्हणजे फंक्शनल टेस्टिंग. जे करायला सांगितलं ते तो करतो की नाही, हो किंवा नाही, विषय संपला. आता तो किती वेळात खोली गार करतो, खोलीत दोघांऐवजी दहा माणसं बसली तर काय होतं, सलग चार महिने टिकतो का, मध्येच लाईट जाऊन आली तर आपला आपण परत फिरायला लागतो का, आणि त्याचं बटण माझ्या म्हाताऱ्या मावशीला सापडतं का, हे सगळं नॉन-फंक्शनल. पहिल्यात काय करतो ते बघायचं, दुसऱ्यात कसं करतो ते. मुलं माना हलवतात. पुण्यात बसून कूलरचं उदाहरण त्यांना कितपत कळतं कोण जाणे.

एवढं तोंडपाठ असलेला फरक तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी साफ विसरलो. तोही सॉफ्टवेअरच्या बाबतीत विसरलो असतो तर कंपनीने बघून घेतलं असतं. मी विसरलो बापाच्या बाबतीत.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याला देवपुरात राहतात. एकटेच. पांझरेच्या पुलापासून चालत पंधरा मिनिटांवर आमचं तीन खोल्यांचं घर आहे, वर गच्ची, दारात कडुनिंब. आबांची सगळी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्या आखाजीच्या आधी दोन वर्षं माझी आई गेली होती. तिच्यानंतर आबा कोणाकडेच राहायला आले नाहीत. आले की तिसऱ्या दिवशी पिशवी भरायचे, आणि कारण काय तर म्हणे निंबाला पाणी घालायचंय. पन्नास वर्षांच्या निंबाला.

त्या वर्षी होळीनंतर शेजारच्या अहिरे वहिनींचा फोन आला. आबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि गच्चीवर गेले. पातेलं जळून काळं झालं, धूर खिडकीतून बाहेर आला तेव्हा वहिनी धावल्या. फोन त्यांनी मला केला, मी बहिणीला केला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता संपली.

अक्का माझी थोरली बहीण, चोपड्याला दिली आहे. केळीच्या बागांच्या कडेला त्यांचं ऐसपैस घर आहे, माणसांचा राबता आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. आखाजीला सगळे देवपुरात जमू, आणि आखाजी झाली की घराला कुलूप लावून आबांना चोपड्याला घेऊन जाऊ. मला पटत होतं आणि पटत नव्हतं. आबांना कोणी विचारलं नाही. पण त्यांना कळलं असणार, कारण त्या आठवड्यात ते बाजारात गेले आणि कूलरच्या गवताच्या दोन जोड्या घेऊन आले. एक यंदाची. दुसरी पुढच्या वर्षीची.

फोनवर अक्का मला एकच प्रश्न विचारायची, "नाना, तू सांग, ते एकटे नीट राहू शकतील का?" घरात मला नाना म्हणतात. मी तिला म्हटलं, नीट म्हणजे काय ते आकड्यात सांग. नुसतं नीट तपासता येत नाही. तिने फोन ठेवून दिला. पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. बावीस वर्षं मी जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांची सॉफ्टवेअरं तपासतोय, घरातला एवढा मोठा प्रश्न नुसत्या रडारडीवर का सोडायचा? मी अक्काला परत फोन केला आणि म्हटलं, मी आखाजीच्या आधी दहा दिवस देवपुरात जाऊन राहतो. आबांना काही सांगायचं नाही. मी तपासतो आणि तुला रिपोर्ट देतो. रिपोर्ट चांगला आला तर कुलूप नाही. ती म्हणाली, आईच्या माघारी हे दिवस बघायचे होते. पण कबूल झाली.

ते दहा दिवस आठवले की अजूनही पाठीवर घामाची धार जाणवते. सकाळी नऊलाच रस्त्यावर शुकशुकाट, पांझरेच्या पात्रात पांढरे धोंडे तापलेले, पुलावरून जाणारा प्रत्येक जण तोंडाला रुमाल गुंडाळून दरोडेखोरासारखा. निंबाचा मोहोर गळून गच्चीवर वाळत पडलेला, पायाखाली चुरचुर वाजायचा. आणि मी, सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ, बापाच्या मागे मागे घरभर मांजरासारखा फिरतोय.

लॅपटॉपवर मी तक्ता केला होता. काय केलं, काय व्हायला पाहिजे, काय झालं, पास की नापास. एकूण बत्तीस चाचण्या. चहा करून गॅस बंद करणे. सकाळची गोळी सकाळी, दुपारची दुपारी. बाहेर जाताना कुलूप लावून ओढून बघणे. नळाच्या दिवशी टाकी भरून मोटर बंद करणे. अनोळखी माणूस आला तर जाळीचं दार न उघडता बोलणे. संडासाची कडी आतून लावता येणे आणि, जास्त महत्त्वाचं, उघडता येणे. मोबाइलवरून मला फोन करणे. पास झालं की चौकट हिरवी, नापास झालं की लाल.

आबा पहिल्या दिवशी चहा करायला उठले तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. त्यांनी चहा केला, गाळला, बटण फिरवलं, मग खाली वाकून सिलिंडरचंही बंद केलं. मी बाहेर येऊन चौकट हिरवी केली. दुपारी गोळी. हिरवी. संध्याकाळी कुलूप. ओढून बघितलं, दोनदा. हिरवी. चौथ्या दिवशी माझ्याच सांगण्यावरून एक ओळखीचा माणूस अनोळखी होऊन दारात आला आणि कसल्याशा योजनेसाठी आधार कार्ड मागायला लागला. आबांनी त्याला जाळीआडून त्याच्या गावाचं नाव, भावकी आणि मामाचं कुळ विचारून असा काही पिळला की तो मला नंतर म्हणाला, पुन्हा असली कामं सांगू नका. हिरवी.

आठव्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस चौकटी हिरव्या झाल्या. नुकत्या पाणी दिलेल्या गव्हाच्या वाफ्यासारखा तक्ता दिसत होता. मी अक्काला फोन लावायला घेतला. आणि लावला नाही.

ऑफिसात असा तक्ता झाला की मी खुर्चीवरून उठून चहा मागतो. इथे मी उठलो आणि नुसताच या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागलो. कूलरपुढे बसवेना, लॅपटॉपपुढे बसवेना. कारण त्या आठ दिवसांत मी आणखीही बरंच बघितलं होतं, आणि त्यातलं एकही तक्त्यात लिहिलं नव्हतं.

चहा व्हायचा, गॅस बंद व्हायचा. पण आबांना त्याला बावीस मिनिटं लागायची. मध्ये कधी डब्यांच्या फळीपुढे उभे राहायचे, साखरेच्या डब्यावर हात ठेवून, जणू डबाच त्यांना काही सांगणार आहे. एकदा चहा उकळत असताना दाराची बेल वाजली. ते दोन पावलं दाराकडे गेले, परत गॅसकडे आले, परत दाराकडे वळले, आणि मग मधोमध भिंतीला हात लावून थांबले. शेवटी गॅस बंद केला, मग दार उघडलं. दोन्ही कामं झाली. दोन्ही हिरवी. गोळीच्या पाकिटाची चंदेरी पट्टी त्यांच्या बोटांना फाटायची नाही, म्हणून ते पक्कड घेऊन बसायचे. बस दुरुस्त करणारे हात एवढीशी गोळी पक्कडीने बाहेर काढतायत. गोळी वेळेवर घेतली का? घेतली. मोबाइल त्यांनी जागेवरून पाठ केला होता, वरून दुसरं, डावीकडचं चित्र म्हणजे मी. मागे माझ्या मुलीने फोनमध्ये काहीतरी नीटनेटकं करून दिलं आणि चित्रं हलली, तेव्हा दोन दिवस आबांचा फोनच आला नाही. आम्हाला वाटलं, रागावलेत.

मला हे सगळं दिसत होतं. शिकवतो मीच. मग मी ते लिहीत का नव्हतो, याचं उत्तर त्या उन्हात गच्चीवर फिरताना सापडलं, आणि ते काही मला शोभणारं नव्हतं. हिरवा तक्ता मला सोयीचा होता. सगळं हिरवं म्हणजे कुलूप नको, चोपडा नको, अक्काशी वाद नको, आणि मुख्य म्हणजे जळगावला माझ्या मागच्या खोलीत खाट टाकायला नको. फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारले की हो म्हणवून घेणं सोपं जातं. रोजच्या फोनवर मी वर्षभर तेच करत होतो. जेवलात? हो. गोळी घेतली? हो. झोप लागली? हो. फोन बंद, पोरगा कर्तव्यातून मोकळा.

त्याच दुपारी कूलरपुढे चटईवर माझा डोळा लागला. लॅपटॉप उघडाच राहिला. चार-साडेचारला जाग आली तेव्हा आबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते.

आबा वर्कशॉपात पुस्तकातलं मराठी बोलायचे, आईशी अहिराणीत, आणि माझ्याशी दोन्ही मिसळून. मनातलं असलं की अहिराणीत.

"हाई काय शे?"

मी म्हटलं, ऑफिसचं काम.

"तुमच्या ऑफिसात कोणाला संडासची कडी लावता येते का ते बघतात?"

त्यांनी बोट खाली सरकवलं. तो आधार कार्डवाला माणूसही तक्त्यात होता. तो मामाच्या कुळाला अडखळला तेव्हाच मला शंका आली होती, म्हणाले. रागावलेले दिसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला.

"सगळं पास केलंस."

"हो."

"मंग तुझा चेहरा नापास झाल्यासारखा का?"

त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं, बसचं बॉनेट लावतात तसं, दोन्ही हातांनी.

"रिकामी गाडी ते बठ्ठास्नीच चालस, नाना. भरेल गाडी घाटमा कशी चढस, ते देख."

रिकामी गाडी सगळ्यांचीच चालते, भरलेली घाटात कशी चढते ते बघ, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. दुरुस्त झालेली बस चालू झाली की बाकीचे मेकॅनिक सही करून मोकळे व्हायचे. आबा करायचे नाहीत. प्रत्येक सीटवर दोन-दोन वाळूची पोती ठेवायला लावायचे आणि ती बस लळिंगच्या घाटात घेऊन जायचे. मी चौथीत असताना एकदा मलाही नेलं होतं. पोत्यांनी भरलेल्या त्या बसमध्ये मी एकटा जिवंत प्रवासी, खिडकीशी. भर मे महिना, खिडकीच्या दांड्याला हात लागला तर चटका. अर्ध्या चढावर आबांनी बस थांबवली. मला वाटलं, बिघडली. ते म्हणाले, थांबवलीय. चढावर थांबवून परत उचलते का ते बघायचं. सपाटीवर कोणीही उचलेल. त्यांनी इंजिनवर तळहात टेकवला, डोळे मिटले, मग गिअर टाकला. बस जरा मागे आली. मग एक हिसका देऊन वर निघाली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सही केली.

आमच्या धंद्यात याला लोड टेस्टिंग म्हणतात, रिकव्हरी टेस्टिंग म्हणतात, आणि ते शिकायला मी पुण्याला जाऊन पैसे भरले होते.

आबांनी आपली परीक्षा आपणच ठरवली. घरात फक्त ते आणि मी, त्यातही मी निम्मा वेळ लॅपटॉपमध्ये, ही काय तपासणी झाली? "आखाजीले बठ्ठा या," म्हणाले. आखाजीचं जेवण ते करणार. पोळ्या अहिरे वहिनी लाटून देतील, पण रस, भाजी, कुरडया तळणं, घागर भरणं, वाढणं, सगळं त्यांच्याकडे. मी नुसतं बसायचं. आणि त्यात जमलं नाही तर ते स्वतः पिशवी भरून चोपड्याच्या गाडीत बसतील. मी अक्काला कळवलं. ती म्हणाली, तुम्ही दोघे बापलेक वेडे आहात.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण आणि गेलेल्यांचाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर पुजायची, तिच्यावर आंबे, शेजारी डांगर म्हणजे खरबूज, आणि त्यांच्या नावाने चुलीत घास टाकायचा. उन्हात निघालेल्याला आधी पाणी द्यायचं, मग जेवण, इतकं ते साधं आहे.

सकाळी दहापर्यंत घर भरलं. अक्का, दाजी, त्यांची दोन मुलं, माझी बायको आणि मुलगी. निंबाला झोका लागला. कूलरपुढे जागेवरून भांडणं. दाजींनी पत्ते काढले, आखाजीला ते चालतं. स्वयंपाकघरात आबा, उपरणं कमरेला बांधून, कोपरापर्यंत रसात. कढई तापलेली, मुलं दर दोन मिनिटांनी पाणी मागतायत, कोणाचा तरी मोबाइल वाजतोय, अक्का दारात उभी, तोंड आवळून, हात पाठीमागे बांधून, कारण मदत करायची नाही असं ठरलेलं. मी चटईवर बसून होतो असं मी म्हणतो, पण माझी बायको सांगते की मी अकरा वेळा उठलो.

आबा सावकाश होते, पण चाललं होतं. कुरडया तळून झाल्या. गॅस बंद, खालून सुद्धा. मग बाराच्या सुमाराला लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, पंखा थांबला, मुलांनी एकच गिल्ला केला, आणि त्या गिल्ल्यात, भांड्यांच्या फळीपुढे उभे असलेल्या आबांनी मान न वळवता मागच्या दाराकडे हाक दिली.

"ओ नानानी माय, वाट्या किती काढू?"

नानाची आई. आयुष्यभर त्यांनी तिला याच नावाने हाक मारली. आई मागच्या दारात उभी नव्हती. तिथे फक्त ऊन होतं.

घर असं गप्प झालं की झोक्याच्या दोरीची करकर ऐकू आली. अक्काने तोंडावर पदर घेतला. आबांचा हात फळीवर तसाच. मी मोजत होतो. लाज वाटते, पण सवय. एक, दोन, तीन. त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. चार, पाच. मग कोपऱ्यातल्या घागरीकडे बघितलं, तिच्यावरच्या आंब्यांकडे. सहा. सात.

"आपण आठ," आबा स्वतःशीच म्हणाले, "अहिरे दोघं, दहा." त्यांनी एकेक करून दहा वाट्या मांडल्या. मग अकरावी काढली, तिच्यात सगळ्यांच्या आधी रस वाढला, आणि ती आईच्या घासासाठी बाजूला ठेवली.

नंतर जेवणं झाली. रस गोड होता. अक्काने मला मागच्या पडवीत गाठलं. डोळे लाल. बघितलंस ना, म्हणाली, आता काय लिहिणार तुझ्या तक्त्यात? ज्या दिवशी गेलेल्यांना जेवायला बोलवायचं असतं, नेमक्या त्याच दिवशी आबांनी आईला हाक मारली, ही चूक धरायची की त्या दिवसाचं कामच? पण मी अक्काला तसं म्हणालो नाही, कारण मला ती हाक ऐकू आली होती. ती घासासाठी मारलेली नव्हती. ती वाट्यांसाठी होती.

उन्हं कलल्यावर आबांनी आम्हा दोघांना गच्चीवर बोलावलं. गच्ची अजून तापलेली, आम्ही एकेका पायावर भार बदलत उभे, ते मात्र वाळत घातलेल्या कुरडयांच्या फडक्याशेजारी निवांत बसलेले. त्यांनी आधी निकाल सांगितला. घाटात गाडी थांबली. परत उचलली. पण थांबली हे खरं.

मग म्हणाले, गाडी जुनी झाली की तिला कोणी लगेच मोडीत काढत नाही, आणि लांबच्या रूटवरही ठेवत नाही. तिला धुळं-सोनगीर द्यायचं, धुळं-नेर द्यायचं. सकाळी निघायचं, ऊन चढायच्या आत परत. त्यांनी स्वतःचा रूट तिथेच आखला. गॅसचं सिलिंडर अक्का घेऊन जाईल, चहापुरती आपोआप बंद होणारी विजेची किटली पुरे. दोन वेळचा डबा अहिरे वहिनींकडून. संडासाची आतली कडी काढून टाकायची. पावसाळ्याचे दोन महिने चोपडा. कूलर उतरवायला आणि चढवायला मी येणार, ते हात लावणार नाहीत. बाकी देवपूर.

अक्का रडत रडत म्हणाली, "आणि परत तसं झालं तर? आम्ही तिकडे, तुम्ही इकडे, आम्हाला कळणार कसं?"

आबांनी विचार केला. बहुतेक तो आधीच करून ठेवलेला असावा. "नाना, रोज सकाळी आठला फोन कर. धा रिंगा मोज. धाच्या आत उचलला, ते मी जाग्यावर शे. नही उचलला, ते वाट देखू नको, गाडी काढ."

आकडा. बावीस वर्षांत मोठमोठ्या साहेबांनी मला आकडा दिला नाही. लवकर व्हायला पाहिजे, चांगलं चालायला पाहिजे, एवढंच सांगतात. माझ्या बापाने गच्चीवर बसून दिला. अक्काने नाक पुसलं आणि विचारलं, दहाच का, आठ का नाही? आबा म्हणाले, पायात चपला घालायला दोन रिंगा जातात. ती पहिल्यांदा हसली.

कुलूप लागलं नाही. तक्ता मी पुसून टाकला नाही, तो अजून लॅपटॉपमध्ये आहे. खाली तेहतिसावी ओळ आहे, तिच्यापुढची चौकट पांढरी आहे, आणि तिच्यात मी रोज एक आकडा लिहितो.

पहिल्या वर्षी तिसरी, चौथी रिंग. मागच्या हिवाळ्यात सहावी. होळीनंतर सातवी, आठवी. एकेका दिवसाचं काही वाटत नाही, कोणी संडासात असतं, कोणी गच्चीवर. पण सगळे आकडे एकाखाली एक बघितले की मी लॅपटॉप मिटून उगाच बाहेर चक्कर मारून येतो. आठ वाजायच्या आधी मला चहा जात नाही. फोन कानाला लावून मी घरभर फिरत असतो. माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही रोज परीक्षेला बसल्यासारखे दिसता. बायको काही म्हणत नाही. तिने गाडीची चावी दिवाणखान्यातून काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आहे, एवढंच.

आज सकाळी आठला लावला. आखाजी आठ दिवसांवर आहे. पाचवी. सहावी. सातव्या रिंगेला मी चावी काढली. आठवीला एका पायात चप्पल घातली. कूलरचा खडखडाट मध्ये येत होता, बायकोने तो न सांगता बंद केला. नववी.

"हां, बोल." धाप लागलेली.

मी विचारलं, कुठे होता?

"इथंच. जिन्याखाली."

जिन्याखाली त्यांचा कूलर असतो, उंच फळीवर. मी म्हटलं, आबा, आपलं काय ठरलं होतं?

"उतरवला नाही. नुसता हात लावून बघितला, हलतो का." मग जरा थांबून, "कितवी झाली?"

"नववी."

"मंग? धाच्या आतच शे."

तिकडे त्यांचा श्वास हळूहळू जाग्यावर येत होता, मी तोही मोजत होतो, आणि मी मोजतोय हे त्यांना कळत होतं. मग ते म्हणाले, अक्काला सांगून ठेव, मुलांना सुट्ट्या असतील, आणि तुझ्या त्या दोघीही. "आखाजीले रिकामा येऊ नको. भरेल गाडी लई ये."

फोन बंद झाला. मी तेहतिसाव्या ओळीत नऊ लिहिलं. चावी खिळ्याला परत अडकवली. या खोलीतून त्या खोलीत गेलो, परत आलो. बायकोने विचारलं, उचलला ना? मग आता काय? मी म्हटलं, काही नाही, उचलला, दहाच्या आतच. ती माझ्या पायाकडे बघत होती. एका पायात अजून चप्पल होती.

"कूलर उतरवायचा राहिलाय," मी म्हटलं.

"आपला तर परवाच उतरला."

मी चावी काढली आणि दुसरी चप्पल घातली.